बाटलीवरची चिठ्ठी



दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने घरचं बियाणं राखायचं ठरवलं. प्रत्येकीने आपापलं बी काचेच्या बाटलीत भरून आणलं. एका बाटलीत तवशाचं बी, दुसरीत चिबडाचं. वर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि बाटल्या फळीवर मांडल्या. एका पावसाळ्याने चिठ्ठ्यांवरची शाई उतरली, उरलेला कागद कसरीने खाल्ला. तवशाचं आणि चिबडाचं बी दिसायला सारखंच. बी शाबूत होतं, पण कुठलं ते कोणाला सांगता येईना. ज्या आजीने चिबडाचं बी दिलं होतं, ती तोवर देवाघरी गेली होती.

पुढे आम्ही रत्नागिरीला झाडगावचं मत्स्यालय बघायला गेलो. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचं ते मत्स्यालय आणि संग्रहालय. पोरं देवमाशाच्या सांगाड्यापाशी खिळून राहिली. आम्ही मात्र औषधी पाण्यात ठेवलेल्या माशांच्या बाटल्यांसमोर उभ्या राहिलो. मनात एकच प्रश्न आला. आपल्याला दोन बाटल्यांचा हिशेब ठेवता आला नाही. मग जिथे हजारो, लाखो वस्तू असतात, तिथे चिठ्ठ्या कशा सांभाळत असतील? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पक्षी, प्राणी, साप, किडे असे एक लाखाहून जास्त नमुने आहेत. ही संस्था १८८३ पासूनची. तिथे काय करत असतील? आज त्याचंच बोलू.

आधी हे बघू, की संग्रहालय मेलेला पक्षी किंवा वाळलेला शिंपला ठेवतं तरी कशाला? लोकांना दाखवायला ठेवतं, हे खरं. पण बहुतेक नमुने कपाटातच असतात, ते अभ्यासासाठी. पन्नास वर्षांपूर्वी अमुक खाडीत कुठली शिंपली मिळत होती आणि आज कुठली मिळते, हे ताडून बघायचं तर जुना नमुना हवा. आणि तो कुठला, कधीचा, कोणी आणला, हेही माहीत हवं. चिठ्ठी नसलेला शिंपला म्हणजे नुसता शिंपला. शोभेला ठेवा, अभ्यासाला निरुपयोगी.

म्हणून नमुना आला की पहिलं काम त्याला क्रमांक देणं. आपण लग्नात मिळालेल्या भांड्यांवर नाव आणि तारीख घालून घेतो, तसंच. भांडं शेजारी गेलं, सार्वजनिक जेवणात मिसळलं, तरी नाव बघून घरी परत येतं. नमुन्यावरही क्रमांक असतो आणि त्याच क्रमांकाखाली वहीत सगळी हकीकत लिहिलेली असते.

क्रमांक काय काम करतो, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडलं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर प्राणी सर्वेक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी ऑलिव्ह रिडले कासविणींना धातूचे बिल्ले लावले. त्यातली एक, बिल्ला क्रमांक ०३२३३, २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आली. पूर्वेच्या समुद्रातली कासवीण पश्चिमेच्या समुद्रात आली, हे कशावरून कळलं? पाच आकड्यांवरून, आणि ते आकडे ज्या वहीत होते ती वही कोणीतरी नीट ठेवली होती म्हणून. कासवीण जिवंत, संग्रहालयातला नमुना कपाटातला; पण क्रमांक आणि नोंद यांची गाठ दोन्हीकडे सारखीच. गाठ सुटली की बिल्ला म्हणजे पत्र्याचा तुकडा.

आता संगणकाकडे येऊ. जुन्या संग्रहालयांत मोठमोठ्या वह्या असतात. त्यांची अडचण तुम्हाला सांगायला नको. गटाचं दप्तर सांभाळणारीला ती ठाऊकच आहे. वही एकच असते. ती एकीकडे असली की दुसरीकडे नसते. कोकणातल्या दमट हवेत तिला बुरशी येते, वाळवी लागते. आणि ‘रत्नागिरी तालुक्यातली सगळी कालवं दाखवा’ असं कोणी म्हटलं, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत बसावं लागतं.

यासाठी संग्रह सांभाळायची सॉफ्टवेअर निघाली. आपल्या केंद्र सरकारच्या संग्रहालयांसाठी पुण्याच्या सीडॅक संस्थेने एक बनवलं, त्याचं नाव ‘जतन’. नावातच सगळं आलं. निसर्गाच्या नमुन्यांसाठी अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात सुरू झालेलं ‘स्पेसिफाय’ नावाचं सॉफ्टवेअर अनेक देशांत वापरतात.

यात प्रत्येक नमुन्याचं एक पान असतं. पानावर ठरलेले रकाने असतात. क्रमांक, शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, सापडल्याची जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, ओळख पटवणाऱ्याचं नाव, नमुना वाळवलाय की बाटलीत आहे, कुठल्या कपाटात कुठल्या कप्प्यात आहे, आणि फोटो. नमुना दुसऱ्या संस्थेला अभ्यासाला दिला, तर कोणाला दिला आणि कधी परत यायचा, तेही लिहितात. अगदी आपल्या कर्जाच्या नोंदीसारखं. बाटलीतलं औषधी पाणी उडून जातं, ते कधी भरलं, कपाटात कीड कधी तपासली, याच्याही नोंदी ठेवता येतात. काही ठिकाणी नमुन्यावर चौकोनी कोड लावतात; तो मोबाईलने टिपला की पान समोर येतं.

दोन गोष्टी आम्हाला फार आवडल्या. एक म्हणजे, चांगल्या पद्धतीत जुनं नाव पुसून टाकत नाहीत. शास्त्रज्ञांनी नमुन्याची नवी ओळख पटवली, तर नवं नाव वर येतं, पण आधी कोणी काय म्हटलं होतं तेही खाली राहतं. खाडाखोड करून हिशेब लपवायला जागा नाही. दुसरी म्हणजे, या पानांची प्रत दुसऱ्या गावी ठेवता येते. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालयाला मोठी आग लागली. जळालेला नमुना कुठल्याच संगणकातून परत मिळत नाही. पण नोंद आणि फोटो दुसरीकडे असेल, तर काय होतं एवढं तरी उरतं.

पण मैत्रिणींनो, संगणक आला म्हणजे झालं, असं समजू नका. खोटी चिठ्ठी संगणकात घातली तर ती खोटीच राहते, वर जगभर पसरते. याची गोष्ट खानदेशातली आहे. रानपिंगळा नावाचं एक लहान घुबड. १८८४ नंतर ते कोणी पाहिल्याचा पक्का पुरावा नव्हता. फक्त माइनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचं चिठ्ठीवर लिहिलं होतं. पुढे पामेला रासमुसेन या संशोधक बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला. पक्षी भरण्याची पद्धत दुसऱ्याच माणसाची निघाली. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या सुमारास जमवलेला पक्षी संग्रहालयातून चोरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. मग बाईंनी खोटी जागा बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी! खऱ्या चिठ्ठीने पक्षी परत मिळवून दिला.

खोटेपणा सोडा, नुसत्या आळसानेही घोटाळा होतो. चिठ्ठीवर ‘वेळास’ एवढंच लिहिलं, तर कुठलं वेळास? आपल्या मंडणगड तालुक्यातलं की तिकडे रायगडात श्रीवर्धनकडचं? म्हणून गाव, वाडी, तालुका, जिल्हा आणि जमलं तर मोबाईलवर दिसणारे जागेचे आकडे, हे सगळं लिहायचं.

आता आपल्याशी याचा काय संबंध? वर सांगितलेले दोन रकाने आठवा. ‘स्थानिक नाव’ आणि ‘गोळा करणाऱ्याचं नाव’. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, मुळे, खुबे कोण काढतं? दगडावरची कालवं कोयतीने कोण फोडतं? कुठल्या महिन्यात कुठे काय मिळतं आणि पूर्वी मिळायचं ते आता का मिळत नाही, हे कोणाला माहीत? आपल्याला. पण पुष्कळ जुन्या चिठ्ठ्यांवर साहेबाचं नाव असतं, ज्या बाईने चिखलातून ते काढून दिलं तिचं नसतं. रकाना आहे, तो भरायला कोणी विचारलं नाही आणि आपणही सांगितलं नाही.

यासाठी संग्रहालयाची वाट बघायला नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. ती ग्रामसभेत मागा. आपल्या गावच्या पानांवर काय लिहिलंय ते वाचून घ्या. आपल्याकडची नावं त्यात आहेत का बघा. नसतील तर घाला, आणि माहिती देणारीचं नाव तिला विचारून लिहायला सांगा. औषधी झाडपाल्याची माहिती असेल, तर ती कोण वापरणार हे आधी विचारा. देणं न देणं आपल्या हातात आहे. किनाऱ्यावर मेलेलं कासव किंवा डॉल्फिन दिसलं तर हात लावू नका, वनखात्याला कळवा. जागा आणि वेळ मात्र लिहून ठेवा.

आमच्या गटाने आता बियाण्याच्या बाटल्यांना क्रमांक घातलेत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहितो, कारण पेन्सिल ओलीने पसरत नाही. एक चिठ्ठी बाटलीच्या आत, एक बाहेर. वहीत पाच रकाने: क्रमांक, नाव, कोणाकडून, कुठल्या वाडीतून, कधी. महिन्याच्या सभेत वहीचा फोटो काढून तीन मोबाईलवर ठेवतो. आमचं हेच सॉफ्टवेअर.

त्या दोन बाटल्यांमधलं बी आम्ही यंदा वेगवेगळ्या वाफ्यात पेरलं. वेल वर चढले, फळं धरली, तेव्हा कळलं चिबूड कुठलं ते. वहीत पहिल्या क्रमांकावर तेच लिहिलंय. ‘कोणाकडून’ या रकान्यात त्या आजीचं पूर्ण नाव आहे.

तुमच्या फळीवरच्या बाटल्या एकदा बघून घ्या.