पोच जपून ठेवू

पूर्वी सेनगाव, कळमनुरीच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी परभणी गाठावी लागे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. कचेरी जवळ आली. पण तिथला माणूस मन लावून काम करील, तरच दाखला वेळेवर मिळतो. नाहीतर मजुरी बुडवून हेलपाटे घालावे लागतात.

माणूस नेटाने काम केव्हा करतो? आपल्या शेतातलेच पाहू. काम कोणते, कोणी करायचे, केव्हापर्यंत, हे ठरले की काम मार्गी लागते. सरकारी कामाचेही तसेच. म्हणून महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणता अधिकारी देणार, हे कचेरीतल्या फलकावर लिहावे लागते. अर्जाची पोच द्यावी लागते. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. कारण नसताना उशीर केला, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पण नुसत्या धाकाने हुरूप येत नाही. ज्याने वेळेवर काम केले, त्याला चार माणसांत चांगले म्हणावे, असे आम्हाला वाटते.

आता आपल्याला वाचता येते. चला, फलक वाचू. पोच मागून घेऊ, जपून ठेवू. आणि चांगल्या कामाला शाबासकीही देऊ.