गाडी 'टोटल लॉस' झाली? विमा कंपनीने सांगितलेल्या आकड्याला होकार देण्यापूर्वी हे तपासा

आयडीव्ही म्हणजे काय, ७५ टक्क्यांचा नियम कसा लागतो, भंगाराचे पैसे कोण ठरवतं आणि आकडा पटला नाही तर दाद कुठे मागायची? समजून घ्या सोप्या शब्दांत.

मुकुटबन (जि. यवतमाळ) : वणी-मुकुटबन परिसरातल्या रस्त्यांवर कोळसा आणि सिमेंटची अवजड वाहतूक सतत सुरू असते. अशा ट्रकची धडक बसली की कारचा अक्षरशः चेंदामेंदा होतो. पावसाळ्यात पुराचा धोका वेगळाच. २०२३ च्या जुलैमध्ये यवतमाळ जिल्ह्याने तो अनुभवला आहे.

गाडी वर्कशॉपला गेल्यानंतर काही दिवसांनी विमा कंपनीचा फोन येतो : 'गाडी टोटल लॉसमध्ये गेली आहे, इतकी रक्कम मिळेल, मेलवर होकार कळवा.' पैशांची नड असते, बँकेचा हप्ता सुरू असतो, त्यामुळे अनेक जण लगेच 'हो' म्हणतात. पण हा आकडा कसा आला हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्यासाठी भांडायची गरज नाही, पॉलिसीचं पहिलं पान वाचता आलं पाहिजे.

भाव बाजाराचा नाही, पॉलिसीतल्या आयडीव्हीचा

'अशा गाडीला बाजारात पाच लाख मिळतात' हा युक्तिवाद इथे फारसा चालत नाही. तसंच 'बाजारात आता तीनच लाख मिळतील' हा कंपनीचा युक्तिवादही चालत नाही. हिशेब होतो तो आयडीव्हीवर, म्हणजेच पॉलिसीत नोंदवलेल्या विमा मूल्यावर.

आयडीव्ही काढताना त्या मॉडेलच्या कंपनी किमतीतून गाडीच्या वयानुसार घसारा वजा होतो :

- ६ महिन्यांपर्यंत : ५ टक्के
- ६ महिने ते १ वर्ष : १५ टक्के
- १ ते २ वर्षे : २० टक्के
- २ ते ३ वर्षे : ३० टक्के
- ३ ते ४ वर्षे : ४० टक्के
- ४ ते ५ वर्षे : ५० टक्के

पाच वर्षांपुढच्या गाडीचं मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरतं.

खासगी कारच्या प्रमाणित पॉलिसीत एक महत्त्वाचं वाक्य असतं. टोटल लॉसच्या दाव्यासाठी आयडीव्ही हेच पॉलिसीच्या संपूर्ण काळात बाजारमूल्य मानलं जाईल, त्यावर आणखी घसारा लागणार नाही. म्हणजे अपघात पॉलिसीच्या अकराव्या महिन्यात झाला तरी आकडा तोच राहतो. 'गाडी आता जुनी झाली' असं सांगून कोणी रक्कम कमी करत असेल, तर हे वाक्य दाखवा.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणालं?

'धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स' या २००८ च्या प्रकरणात नेमका हाच वाद होता. फेब्रुवारी २००२ मध्ये नूतनीकरण करताना कंपनीने वाहनाचं मूल्य ३ लाख ५४ हजार रुपये मान्य केलं. त्यावर हप्ता घेतला. सप्टेंबरमध्ये अपघात झाल्यावर मात्र कंपनी त्याहून बरीच कमी रक्कम देऊ लागली.

स्वतः मान्य केलेल्या मूल्यापासून कंपनीला अशी माघार घेता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. 'घ्यायचं तर घ्या, नाहीतर सोडा' या वृत्तीवरही कठोर शब्दांत ताशेरे ओढले. सात महिन्यांच्या वापरापोटी १० हजार वजा करून ३ लाख ४४ हजार रुपये मंजूर झाले.

टोटल लॉस कधी मानतात?

गाडी घटनास्थळावरून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकत्रित खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर गाडी टोटल लॉस धरली जाते. खरी गोम इथेच आहे. हा खर्च वर्कशॉपच्या एस्टिमेटवरून नाही, तर सर्व्हेअरने पॉलिसीच्या अटींनुसार मंजूर केलेल्या रकमेवरून मोजला जातो. सर्व्हेअर सुट्या भागांवर घसारा कापतो. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के, तर धातूच्या भागांवर वयानुसार. चार ते पाच वर्षांच्या गाडीला धातूसाठी ही कपात ३५ टक्के असते.

उदाहरण घेऊ. साडेचार वर्षांची गाडी, आयडीव्ही ४ लाख. म्हणजे सीमा ३ लाखांची. वर्कशॉपचं एस्टिमेट ३ लाख ८० हजार, पण घसारा कापून सर्व्हेअरचा आकडा आला २ लाख ७० हजार. कंपनी म्हणेल, 'दुरुस्त करून घ्या.' तुमच्या खिशातून १ लाख १० हजारांहून जास्त जातील. तीच गाडी टोटल लॉस ठरली तर १ हजार रुपयांची सक्तीची वजावट जाऊन ३ लाख ९९ हजार मिळतील. १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाला ही वजावट २ हजार असते.

अशा वेळी काय कराल?

- सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत आणि प्रत्येक भागाचा हिशेब लेखी मागा.
- इंजिन, गिअरबॉक्स, चासी खोलल्यावर दिसलेलं नुकसान वर्कशॉपकडून पुरवणी एस्टिमेटमध्ये घ्या आणि फेरतपासणी मागा.
- एअरबॅग, सेन्सर, वायरिंग हे महागडे भाग यादीत आहेत का, ते पाहा.
- 'झिरो डेप' कव्हर घेतलं असेल, तर घसाऱ्याची कपात लावलेली नाही ना, ते तपासा.

टोइंगचा खर्च विसरू नका

गाडी मुकुटबनहून चंद्रपूर, यवतमाळ किंवा नागपूरच्या अधिकृत वर्कशॉपला न्यायची तर क्रेन आणि टोइंगचं बिल मोठं होतं. प्रमाणित पॉलिसीत खासगी कारसाठी ही भरपाई फक्त १,५०० रुपयांपर्यंत आहे. रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर आधी त्यांनाच फोन करा. नसेल तर पावती जपून ठेवा.

गाडी हलवण्यापूर्वी कंपनीला कळवून दावा क्रमांक घ्या आणि चारही बाजूंनी फोटो, व्हिडिओ काढा. पोलीस ठाण्यात नोंद करून ठेवा. पुरात बुडालेली गाडी असेल तर इंजिन सुरू करून पाहू नका. पाणी गेलेलं इंजिन सुरू केल्याने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत नाकारलं जाऊ शकतं.

भंगाराचे पैसे कोणाचे?

सर्वाधिक घासाघीस इथे होते. पर्याय दोन असतात. पहिला, मोडलेली गाडी कंपनीने ताब्यात घ्यायची आणि तुम्हाला आयडीव्हीची रक्कम द्यायची. दुसरा, गाडी तुम्ही ठेवायची आणि भंगाराची किंमत वजा करून उरलेली रक्कम घ्यायची.

वरच्याच उदाहरणात कंपनीने भंगाराची किंमत ९० हजार धरली, तर तुमच्या हातात ३ लाख ९ हजार येतील. स्थानिक भंगारवाला ६० हजारच देत असेल तर थेट ३० हजारांचा फटका. म्हणून कंपनीला विचारा : ९० हजारांची बोली कोणाची आहे? तो खरेदीदार तेवढे पैसे द्यायला तयार आहे का? नसेल, तर गाडी कंपनीनेच घ्यावी असं लेखी कळवा.

मोडकी गाडी आरसीसह कोणालाही सहज देऊन टाकू नका. अशा गाडीचा चासी नंबर आणि कागदपत्रं चोरीच्या गाडीला लावण्याचे प्रकार घडतात आणि चौकशी मूळ मालकाच्या दारात येते. गाडी कायमची निकामी झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर परिवहन कार्यालयाला कळवावं लागतं. एमएच-२९ पासिंगच्या गाड्यांसाठी हे कार्यालय यवतमाळला आहे.

गाडीवर कर्ज असेल तर विम्याची रक्कम आधी बँकेकडे जाते. उरलेली तुम्हाला मिळते.

किती दिवसांत निकाल लागायला हवा?

विमा नियामक 'इर्डाई'च्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. फोनवरच्या 'बघतो, सांगतो'वर थांबू नका, सगळं मेलवर ठेवा. मजकूर साधा असू द्या :

'दावा क्रमांक अमुक. पॉलिसीतील आयडीव्ही अमुक रुपये आहे. आपण देऊ केलेली रक्कम अमुक आहे. फरकाची कारणं, सर्व्हेअरचा अहवाल आणि भंगाराच्या बोलीचा तपशील लेखी द्यावा. तोपर्यंत ही रक्कम अंतिम म्हणून मला मान्य नाही.'

तरीही ऐकलं नाही तर?

१. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. सोबत इर्डाईच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल फ्री क्रमांकावर नोंद करा.

२. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. यवतमाळ जिल्हा पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतो. शुल्क नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाखांची. कंपनीच्या नकारानंतर वर्षभरात तक्रार करावी लागते.

३. यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. तिथे मुदत दोन वर्षांची. मात्र प्रकरण आयोगात सुरू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, त्यामुळे आधी कुठे जायचं ते ठरवा.

सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये 'न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार' प्रकरणात म्हटलं आहे. डिस्चार्ज व्हाउचरवर सही केली म्हणून जास्त रक्कम मागण्याचा हक्क संपत नाही, असं इर्डाईनेही २०१५ मध्ये कंपन्यांना कळवलं आहे. तरी सही करताना 'हरकत राखून' असं लिहिणं चांगलं.

नूतनीकरण करताना हे पाहा

ऑनलाइन पॉलिसी काढताना आयडीव्ही कमी केला की हप्ता काहीसा उतरतो. ही बचत थोडी असते, पण टोटल लॉसमध्ये तेवढाच आयडीव्ही हातात पडतो. नव्या गाडीसाठी 'रिटर्न टू इन्व्हॉइस' कव्हर घेतल्यास टोटल लॉसमध्ये बिलाच्या किमतीइतकी भरपाई मिळू शकते, अटी मात्र वाचून घ्या. तुमच्या मोबाइलमधली पॉलिसीची पीडीएफ आजच उघडा आणि पहिल्या पानावरचा आयडीव्हीचा आकडा पाहून ठेवा.