जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचा पुनरुद्धार : आधी कागद, मग ब्रेक, शेवटी रंग

गोव्यातील अनेक घरांच्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी जुनी मोटारसायकल उभी असते. वडिलांनी किंवा काकांनी उमेदीच्या काळात घेतलेली, पुढे नवी गाडी आल्यावर बाजूला सारलेली आणि तरीही भंगारात देण्याचे धैर्य कोणाला न झालेली. काहींच्या पाटीवर ‘जीडी’ ही अक्षरे अजून दिसतात. गोवा, दमण आणि दीव हा एकच संघप्रदेश असतानाची ती खूण. 30 मे 1987 रोजी गोवा राज्य झाले, पण गाडी जागची हललेली नसते.

अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी, असे आज अनेक तरुणांना वाटते. त्यात सर्वाधिक आकर्षण यामाहा आरएक्स 100 चे. 1985 मध्ये बाजारात आलेली आणि 1996 पर्यंत तयार होत राहिलेली ही 98 सीसीची गाडी आजही मोठ्या किमतीला विकली जाते. म्हणूनच कमी पैशांत प्रथमच हे काम करू पाहणाऱ्याने विकत घेण्याऐवजी घरचीच गाडी हाती घ्यावी, हे उत्तम. मात्र बहुतेकांचा क्रम चुकतो. प्रथम टाकी रंगवली जाते, नवी सीट बसते, क्रोम चढते आणि पैसे संपल्यावर कळते की इंजिन जाम आहे आणि नोंदणी कधीच संपली आहे. दिसणाऱ्या भागांवर आधी खर्च आणि न दिसणाऱ्यांवर नंतर, हीच या कामातली सर्वांत महाग चूक ठरते.

पहिला पाना कागदांना

खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांपुरती असते. त्यानंतर नमुना 25 भरून आणि गाडी तपासणीसाठी हजर करून ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. केंद्रीय नियमांतील 2025 च्या दुरुस्तीनंतर 20 वर्षांहून जुन्या मोटारसायकलसाठी हे शुल्क 2,000 रुपये आहे. खरा भार विलंबाचा. नियमांत दरमहा 300 रुपये अतिरिक्त शुल्काची तरतूद आहे. या हिशेबाने तीन वर्षांच्या विलंबाचेच 10,800 रुपये होतात. म्हणून एकही नट सैल करण्यापूर्वी नोंदणीपत्र घेऊन आरटीओत जावे आणि एकूण देणे किती, हे विचारून घ्यावे. हा आकडा अंदाजपत्रकाची पहिली ओळ होय.

मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना 31 लागतो. चेसिस आणि इंजिनावरील क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहावेत. गंज काढताना ग्राइंडर फिरवून चेसिस क्रमांकच पुसट झाल्यास पुढची सारी मेहनत कागदावर अडते. त्या जागेवर हात जपून चालवावा. रंग बदलायचा असेल तर तोही नोंदणीपत्रात नोंदवावा लागतो. ‘व्हिंटेज’ म्हणून सवलत मिळेल, ही आशा मात्र व्यर्थ आहे. 2021 च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी असावी लागते.

इंजिन बंद का पडते

टू-स्ट्रोक इंजिनाची रचना समजली की खर्च कुठे करायचा, हे आपोआप कळते. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांतून एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत. त्यात व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट नसतात. पिस्टन वर जाताना त्याच्या वरच्या बाजूस मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी खाली, क्रँककेसमध्ये, कार्ब्युरेटरमधून ताजे मिश्रण ओढले जाते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलले जाते. म्हणजे क्रँककेस हा निव्वळ लोखंडी पेटारा नसून एक पंपच असतो आणि पंप हवाबंद असावाच लागतो.

हे काम क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी ऑइल सील करतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ती कडक होऊन चिरतात. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले की इंजिन तेथून जादा हवा ओढते. मिश्रणातील पेट्रोल आणि त्यासोबतचे ऑइल कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही इंजिनाचा वेग लवकर न उतरणे आणि प्लगचे टोक पांढरट दिसणे ही त्याची लक्षणे. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअर ऑइल आत ओढले जाते. गिअर ऑइलची पातळी उतरते आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नाही. त्यामुळे इंजिन उघडलेच तर दोन्ही सील बदलावीत. त्यांची किंमत किरकोळ असते, चिकटलेल्या पिस्टनची दुरुस्ती नव्हे.

बंद गाडीला प्रथमच जोरात किक मारणे धोक्याचे. प्लग काढून त्या छिद्रातून थोडे डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल सोडावे, दोन-तीन दिवस थांबावे आणि वरच्या गिअरमध्ये मागचे चाक हलकेच पुढे-मागे करून पाहावे. सिलिंडरवर उभे ओरखडे असतील तर लेथवर बोअर मोठा करून घ्यावा लागतो. त्यासाठी पिस्टन साधारणपणे पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे मिळतात. आधी पिस्टन घ्यावा आणि तो मोजूनच बोअर करून घ्यावा. उलट क्रम केल्यास फट चुकते.

ऑइल पंप असलेल्या गाडीत नळीतील हवा काढून टाकावी आणि पंपाची खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्येही टू-स्ट्रोक ऑइल मिसळावे. ज्या गाड्यांत पंप नाही तेथे लिटरमागे साधारण 25 ते 40 मिली ऑइल लागते. नेमके प्रमाण त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावे.

इथेनॉल, गंज आणि ब्रेक

या गाड्या बनल्या तेव्हा पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले जात नव्हते. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकमधील वॉशर आणि कार्ब्युरेटरची गॅस्केट नवीच घालावीत. टाकीत गंज असेल तर व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवावे, मूठभर नट टाकून हलवावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि पूर्ण सुकवून लगेच आतून ऑइलचा हात द्यावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करावा.

किनाऱ्यावरील खाऱ्या हवेचा मार इंजिनापेक्षा सांगाड्यावर अधिक बसतो. बॅटरीखालची जागा, स्टँडचे जोड आणि स्विंग आर्म स्क्रूड्रायव्हरने ठोकून पाहावेत. भोक पडले असेल तेथे पुट्टी भरणे म्हणजे अपघात रंगवून ठेवणे. ब्रेक शू, केबल, स्टिअरिंगचे छर्रे आणि टायर यांत काटकसर नको. टायरच्या बाजूवरील चार अंकांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते. ‘1412’ म्हणजे 2012 मधील चौदावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी असे कडक झालेले रबर पावसाळी रस्त्यावर पकड देत नाही.

आवाजासाठी सायलेन्सर कापण्याचा मोहही आवरावा. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरमधून परतणारी दाबलहर मिश्रण वाया जाऊ देत नाही. तो कापला की आवाज वाढतो आणि ताकद घटते, शिवाय दंड वेगळाच. आतील कार्बन साफ केला, तरी गाडीत फरक जाणवतो.

वेळेचे गणित

कमी खर्चात हे काम करायचे तर पैशांऐवजी वेळ खर्चावा लागतो. प्रत्येक भाग उघडण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र काढावे, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवावेत आणि ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा अनपेक्षित खर्चासाठी राखावा. सील बसवणे आणि बोअर करणे अनुभवी मेकॅनिकवर सोपवावे. सफाई, केबल आणि वायरिंग स्वतः करावे.

चतुर्थीला गाडी दारात उभी करायचीच, या हट्टाने अनेकजण भर पावसात रंगकाम उरकतात आणि दमट हवेत दिलेला रंग वर्षभरात फुगतो. पावसाचे महिने इंजिन आणि ब्रेकला द्यावेत, रंग पाऊस ओसरल्यावर. नव्या पिस्टनची गाडी पहिले 500 किलोमीटर तरी निम्म्या अ‍ॅक्सिलरेटरवरच चालवावी. तोवर जुना, डागाळलेला रंग राहिला तरी काही बिघडत नाही. वडिलांच्या हाताने पडलेला टाकीवरचा एखादा ओरखडा तसाच ठेवला, तर ते पैसेही वाचतात.