पेटीतला समुद्र

नाशिक रोडहून निघालेली आगगाडी कसाऱ्याचा घाट उतरून मुंबईच्या समुद्राकाठी पोहोचते, तेव्हा तिने सुमारे १८७ किलोमीटर अंतर तोडलेले असते. इकडच्या नद्या मात्र त्या वाटेने जात नाहीत. दारणा गोदावरीस मिळते, आणि गोदावरी पूर्वेकडे सुमारे १४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरात खारी होते. अशा गोड्या पाण्याच्या गावी काचेच्या पेटीत तारामासा पाळावयाचा, तर प्रथम घरातच समुद्र तयार करावा लागतो. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या शेजारी. घरच्या पेटीस तो शेजार नाही.

तारामासा हा नावाचाच मासा होय. त्यास कणा नाही, डोके नाही, मेंदूही नाही. त्याच्या पाठीवर बारीक चाळणीसारखी एक चकती असते. तिच्या वाटे समुद्राचे पाणी शरीरातील नळ्यांत शिरते आणि त्या पाण्याच्या दाबाने हातांखालचे शेकडो नलिकापाद लांब होतात व आखडतात. त्यांवरच तो चालतो, दगडास चिकटतो. बाहेरचे पाणीच असे त्याच्या अंगात खेळत असते. पाण्याचा खारेपणा एकाएकी बदलला, तर शरीराचा तोल सावरणारे मूत्रपिंडासारखे इंद्रिय त्याच्यापाशी नाही. तुटलेला हात त्यास पुन्हा फुटतो, म्हणून लोक त्यास चिवट समजतात. पण पाण्याच्या बाबतीत त्याच्याइतका नाजूक प्राणी विरळाच.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारणपणे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरच्या पेटीस सात किलो क्षार लागतात. त्यासाठी स्वयंपाकघरातील मीठ चालत नाही. तारामाशाच्या काट्यांस व कवचाच्या चकत्यांस कॅल्शियम व मॅग्नेशियम हवे असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही आधी काढून टाकावे लागते. नाशिकच्या उन्हाळ्यात पेटीतले वीस लिटर पाणी उडून गेले, तर मीठ उडत नाही. ते तेवढेच राहते आणि लिटरमागे क्षार ३५ चे ३९ ग्रॅम होतात. अशा वेळी खारे पाणी ओतणारे पुष्कळ असतात. वास्तविक तेथे शुद्ध गोडे पाणी घालावयाचे, आणि तेही रोज थोडेथोडे. पाणी २४ ते २६ अंश सेल्सिअस ठेवणे हे वेगळेच काम. मे महिन्यात ते थंड करावे लागते, तर डिसेंबरच्या रात्री उबदार. वीज गेली की पंप थांबतो व पाण्यातील प्राणवायू घटू लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप जवळ असावा लागतो.

पेटीत सजावटीसाठी प्रवाळ हवे असे अनेकांस वाटते. परंतु भारताच्या समुद्रातील खडक रचणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. ते काढून आणणे गुन्हा आहे. कृत्रिम दगडांनी काम भागते.

नवा तारामासा आला की त्याच्या पिशवीत पेटीतले पाणी थेंबथेंब सोडावयाचे. यास दोन-तीन तास सहज लागतात. उतावळेपणा केला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात सैल पडतात, अंगावर पांढरे डाग उमटतात.

पाणी साधले तरी भूक उरतेच, आणि तिच्याकडे लक्ष जात नाही. निळा तारामासा दगडांवर साचणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या थरावर जगतो. वाळूत राहणारा दुसरा एक प्रकार वाळूतले बारीक जीव खातो. नव्या, स्वच्छ पेटीत हा थर नसतो. लहान पेटीतली वाळू काही महिन्यांत रिकामी होते. मग तो आपल्याच शरीरातील साठा खर्ची घालू लागतो. तो ओरडत नाही, तडफडत नाही. रोजच्यासारखा काचेवर चढतो, उतरतो. पाहणारास वाटते, छान रुळला आहे. म्हणून जाणते लोक पेटी वर्षभर जुनी होऊ देतात, दगडांवर तो थर धरू देतात, आणि मग एखादाच तारामासा आणतात.