कोड काढणाऱ्यासाठी लिहिलेल्या कमेंट

कोड रिव्ह्यूमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘चांगल्या कोडला कमेंट लागतच नाही.’ नावं नीट दिली, फंक्शनं आटोपशीर ठेवली की कोड आपला आपण समजतो, असा त्यामागचा विचार. तो निम्मा खरा आहे. कोड काय करतो हे कोडवरून कळतं. तो असाच का लिहिला, हे मात्र कळत नाही. वेबसाठीच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत तर या ‘का’चं उत्तर अनेकदा तिच्या बाहेर, एखाद्या ब्राउझरच्या खोडीत असतं.

जॉन रेसिग यांनी 2006 मध्ये आणलेल्या जेक्वेरीचा सोर्स उघडून पाहा. जागोजागी ‘सपोर्ट’ या शब्दाने सुरू होणाऱ्या एकेका ओळीच्या कमेंट दिसतील. पुढे ब्राउझरचं नाव, आवृत्तीचा आकडा आणि बरेचदा शेवटी ‘ओन्ली’. म्हणजे खालच्या विचित्र दिसणाऱ्या ओळी फक्त, समजा, इंटरनेट एक्सप्लोरर 9 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी आहेत. वाचायला अगदी रुक्ष. पण या कमेंटचा खरा उपयोग कोड काढताना होतो. जेक्वेरीच्या 4.0 आवृत्तीत इंटरनेट एक्सप्लोरर 10 आणि त्याआधीच्या सगळ्या आवृत्त्या सोडायच्या ठरल्या. अशा वेळी काय काढता येईल, हे शोधायला या ओळी हाताशी असतात. त्या नसत्या तर? ‘कशासाठी आहे कुणास ठाऊक, राहू दे’ म्हणून तो कोड तिथेच राहतो. दहा वर्षं जुन्या कुठल्याही प्रकल्पात असा राहू दिलेला कोड सापडतो.

आणखी एक नमुना. जेक्वेरीला दिलेला मजकूर एचटीएमएल आहे की एखाद्या घटकाचा आयडी, हे ओळखणाऱ्या रेगेक्सच्या डोक्यावर एक छोटी कमेंट आहे: आयडीला टॅगच्या आधी मान द्यायचा, कारण वेबपत्त्यातल्या # पुढच्या भागातून कुणीतरी घातक स्क्रिप्ट घुसवू शकतं. शेजारी तक्रारीचा क्रमांक, 9521. ही पळवाट 2011 मध्ये बुजवली गेली. हा रेगेक्स ‘सोपा’ करायला निघालेल्या उत्साही नवशिक्याला तो क्रमांक थांबवतो. फंक्शनला कितीही समर्पक नाव दिलं, तरी एवढा इतिहास त्यात मावत नाही.

दुसरा समज म्हणजे डॉक्युमेंटेशन कोडच्या शेजारीच असलं पाहिजे. जेक्वेरीने दोन्ही करून पाहिलं. सुरुवातीच्या आवृत्त्यांत प्रत्येक मेथडच्या वर वर्णन, उदाहरणं, इतकंच काय चाचण्यासुद्धा कमेंटमध्येच होत्या. नंतर ते सगळं बाहेर काढलं. आज तिचं संदर्भ-डॉक्युमेंटेशन वेगळ्या रिपॉझिटरीत एक्सएमएल फायलींमध्ये राहतं, त्यामुळे उदाहरण दुरुस्त करणाऱ्याला लायब्ररीच्या कोडला हातही लावावा लागत नाही. लोडॅश या दुसऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीने उलट वाट धरली: प्रत्येक फंक्शनच्या वरच पॅरामीटर, परतीचं मूल्य, कोणत्या आवृत्तीपासून आहे आणि उदाहरण, त्यातूनच डॉक्युमेंटेशन तयार होतं. दोन्ही लायब्ररी जगभर वापरल्या गेल्या, तेव्हा ‘हीच खरी पद्धत’ हा वाद मला तरी निरर्थक वाटतो.

जेएसडॉक पद्धतीच्या कमेंट म्हणजे नुसती सजावट, असंही मानतात. (सुरुवातीला /** असे दोन तारे लागतात. एकच दिला तर साधन ती कमेंट मुकाट्याने वगळतं आणि आपण अर्धा तास डोकं खाजवत बसतो.) ब्राउझर त्या वाचत नाही, हे खरंच. पण टाइपस्क्रिप्टचा तपासनीस साध्या जावास्क्रिप्ट फायलीतल्या या कमेंट वाचून चुकीच्या टाइपवर बोट ठेवू शकतो. स्वेल्ट या फ्रेमवर्कने 2023 मध्ये आपला स्वतःचा कोड टाइपस्क्रिप्टमधून जावास्क्रिप्टमध्ये आणला, तेव्हा ‘स्वेल्टने टाइप सोडले’ अशी आवई उठली. प्रत्यक्षात टाइप जेएसडॉक कमेंटमध्ये गेले होते आणि स्वेल्ट वापरणाऱ्यांना ते आधीसारखेच मिळत राहिले. मर्यादा एवढीच की यंत्र टाइप तपासतं, गद्य नाही. वर्णनात लिहिलेलं खोटं आहे हे माणसालाच दिसतं.

कमेंटने वजन वाढतं, वेग मंदावतो, ही भीती जुनी. जेक्वेरी 3 ची मूळ फाइल सुमारे 280 केबी, मिनिफाय केलेली सुमारे 87 आणि जीझिपनंतर साधारण 30. यातली 280 वरून 87 पर्यंतची घट कमेंट, मोकळी जागा आणि लांब नावं गेल्यामुळे होते. थोडक्यात, कमेंट वापरणाऱ्याच्या ब्राउझरपर्यंत पोचतच नाहीत. अपवाद /*! ने सुरू होणाऱ्या कमेंटचा. त्यात परवाना असतो आणि मिनिफायर सहसा ती राखून ठेवतात.

वेगाच्या भीतीला मात्र एके काळी आधार होता. क्रोम आणि नोडच्या व्ही8 इंजिनातला जुना क्रँकशाफ्ट कंपायलर छोटी फंक्शनं थेट हाक मारल्याच्या जागी उतरवायचा. ‘छोटं’ ठरवायची एक कसोटी म्हणजे सोर्समधली 600 अक्षरं, आणि त्यात कमेंटही मोजल्या जायच्या! नोडमध्ये सहसा कोड मिनिफाय करत नाहीत, त्यामुळे तिथे लांबलचक कमेंटमुळे फंक्शन ही सवलत गमावू शकत होतं. 2017 मध्ये क्रँकशाफ्टची जागा टर्बोफॅन कंपायलरने घेतली आणि हा प्रकार संपला. सल्ला मात्र कारण विसरून अजून फिरतोय.

शेवटचा समज सर्वांत महागात पडू शकतो: मिनिफाय केलं की कमेंट कुणालाच दिसत नाहीत. सर्व्हरवरच्या पीएचपी कोडमधली कमेंट बाहेर जात नाही, हे ठीक. पण जावास्क्रिप्टसोबत सोर्स मॅपही सर्व्हरवर चढवला, तर त्यात बहुधा मूळ सोर्स जसाच्या तसा असतो, कमेंटसकट. डेव्हलपर टूल्स उघडले की तो समोर येतो. ‘तात्पुरता पासवर्ड’ किंवा ग्राहकाबद्दलचा शेरा कमेंटमध्ये ठेवणाऱ्याने आपल्या बिल्डमधून मॅप फाइल बाहेर जाते का, हे आधी पाहावं.