शेतावरील तयार घर : खरेदीपूर्वी घ्यावयाची दक्षता

शेतावर राहते घर बांधावयाचे म्हणजे विटा, वाळू, पाणी व गवंडी यांची जुळवाजुळव करावी लागते. त्यामुळे कारखान्यात तयार केलेले भाग जागेवर आणून जोडलेले घर घेण्याचा विचार काही शेतकरी करतात. ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या निवाऱ्यासाठी केंद्र सरकारने १९४८ साली दिल्लीत अशा घरांचा कारखाना स्थापन केला होता. परंतु चुकीचे घर घेतल्यास वर्षभराच्या कष्टाचा पैसा वाया जातो; म्हणून पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

हलकेपणाचा गुण व दोष

या घरांच्या भिंती बहुधा दोन रंगीत पत्र्यांमध्ये फोम भरून केलेल्या असतात. ५० मि.मी. जाडीच्या अशा भिंतीचे वजन चौरस मीटरला सुमारे १० ते १२ किलो भरते; नऊ इंची विटांच्या भिंतीचे ४०० किलोंहून अधिक भरते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. हलक्या घरात हा धोका कमी असतो. मात्र जे हलके ते वाऱ्याने उचलले जाते. म्हणून घराचा सांगाडा काँक्रीटच्या पायात पक्क्या बोल्टांनी जखडलेला असावा. नुसत्या फरशीवर किंवा दगडांवर घर टेकवून ठेवू नये.

काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. हलके घर तिचा फुगारा दाबून धरू शकत नाही. तेव्हा काळी माती काढून, मुरूम भरून व चोपून मगच जोते बांधावे, आणि भोवती पाण्याचा निचरा ठेवावा.

आग, ऊन व गंज

भिंतीत काय भरले आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. थर्मोकोल लवकर पेटतो व त्याचा धूर विषारी असतो. रॉकवूल पेटत नाही. कोणत्याही फोमच्या घरात चूल पेटवू नये. स्वयंपाकाची जागा वेगळी व उघडी असावी. पाचट किंवा धसकटे घराजवळ जाळू नयेत. भिंतींच्या कडा उघड्या राहिल्यास उंदीर फोम पोखरतात. त्या पत्र्याने बंद करून घ्याव्यात.

एकेरी पत्र्याचे छप्पर उन्हाळ्यात असह्य तापते. छपरातही फोम असावा, वरचा रंग फिकट असावा आणि समोरासमोर खिडक्या असाव्यात. जनावरांचे मूत्र व रासायनिक खते यांमुळे पत्रा गंजतो. यास्तव गोठा व खतांचा साठा घरापासून दूर ठेवावा. घर पत्र्याचे असल्याने विजेची जोडणी जाणकाराकडूनच करावी व अर्थिंग अवश्य द्यावे.

व्यवहार

१. मापे आतून घ्यावीत. बाहेरून २० × १० फूट असलेले घर २०० चौरस फुटांचे सांगितले जाते. दोन इंची भिंती वजा जाता आत सुमारे १९० चौरस फूटच मिळतात.

२. सांगितलेल्या किमतीत पाया, वाहतूक, क्रेन, जोडणी, संडास, वीज व कर यांपैकी काय धरले आहे, हे दरपत्रकात वेगवेगळे लिहून घ्यावे.

३. घर घेण्यापूर्वी शेतजमिनीवर ते बसविण्याविषयी ग्रामपंचायत व महसूल कार्यालयात चौकशी करावी. चाके किंवा हुक असले म्हणजे परवानगी लागत नाही, या बोलण्यावर विसंबू नये.

४. ट्रक शेतापर्यंत पोचेल काय, वाटेत विजेच्या तारा आड येतात काय, हे पाहावे. काळ्या रानातील वाट पावसात बंद होते; म्हणून घर उन्हाळ्यातच आणावे.

५. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. शेवटचा हप्ता पहिला जोराचा पाऊस होऊन सांधे गळत नाहीत अशी खात्री पटल्यावर देण्याची अट करारात घालावी.

सर्वांत उत्तम म्हणजे त्याच विक्रेत्याने तीन-चार पावसाळ्यांपूर्वी बसविलेले घर पाहून यावे व तेथे राहणाऱ्यांस विचारावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी भेट घडवून आणल्यास शेतकऱ्यास योग्य तो निर्णय घेणे सोपे जाईल.