मॉरिशससमोरील आर्थिक व सामाजिक आव्हाने

मॉरिशस हे हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागातील एक लहान द्वीपराष्ट्र आहे. १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले तेव्हा हे राष्ट्र जवळजवळ संपूर्णपणे साखरेच्या निर्यातीवर अवलंबून होते. पुढील पन्नास वर्षांत वस्त्रोद्योग, पर्यटन व वित्तसेवा यांच्या आधारे त्याने उल्लेखनीय प्रगती केली. मात्र या प्रगतीचे बहुतेक टप्पे परराष्ट्रांनी दिलेल्या सवलतींवर उभे होते. युरोपातील साखरेचा हमीभाव, कापडाच्या निर्यातीचे कोटे आणि भारताबरोबरचा करविषयक करार या त्यांपैकी प्रमुख सवलती होत. त्या संपुष्टात आल्या तेव्हा अर्थव्यवस्थेची नव्याने मांडणी करणे भाग पडले आणि त्याची किंमत समाजाच्या सर्व थरांना सारखी मोजावी लागली नाही. एकोणिसाव्या शतकात कोकण व लगतच्या भागांतून गेलेल्या मजुरांचे वंशज या देशात राहतात. त्यामुळे मराठी वाचकांच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे.

भूगोल व लोकसंख्या

मॉरिशस हे मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किमी अंतरावर आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौ. किमी असून रॉद्रिग्ज, अगालेगा व सेंट ब्रँडन ही बेटे धरून ते सुमारे २,०४० चौ. किमी होते. महाराष्ट्रातील नांदेड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,५२८ चौ. किमी आहे, म्हणजे संपूर्ण मॉरिशस या एका जिल्ह्याच्या एक पंचमांशाइतके भरते. लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख असून दर चौ. किमीला ६०० हून अधिक लोक राहतात. राजधानी पोर्ट लुई आहे.

जमीन ज्वालामुखीजन्य असून देशात खनिज तेल, कोळसा किंवा धातूंचे साठे नाहीत. मुख्य बेटाचा बहुतेक किनारा प्रवाळभित्तींनी वेढलेला आहे. याउलट मॉरिशसच्या अधिकाराखालील सागरी क्षेत्र सुमारे २३ लाख चौ. किमी मानले जाते. त्यात छागोस द्वीपसमूहाभोवतीच्या समुद्राचाही समावेश आहे. एवढ्या विस्तीर्ण समुद्रावर देखरेख ठेवणे लहान देशाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने त्यासाठी त्याला भारतासारख्या देशांचे साहाय्य घ्यावे लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बेटावर मूळची मानवी वस्ती नव्हती. डच १५९८ मध्ये तेथे उतरले व त्यांनी नंतर जावाहून ऊस आणला. १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ पासून फ्रेंचांनी आफ्रिका व मादागास्करमधून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर वसाहत उभारली. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांनी जिंकले, परंतु फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, भाषा व कायदे कायम ठेवले. जमिनीच्या मालकीतील विषमतेचे मूळ या व्यवस्थेत आहे.

१८३५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. मळ्यांना मजूर मिळावेत म्हणून १८३४ पासूनच भारतातून करारबद्ध मजूर आणण्यास सुरुवात झाली होती. अशा मजुरांना ‘गिरमिटिया’ म्हणतात. सुमारे १९२० पर्यंत जवळपास पाच लाख मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. त्यांच्या नोंदणीचे ठिकाण असलेल्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. पळालेल्या गुलामांचे आश्रयस्थान असलेल्या ल मॉर्न या डोंगरालाही २००८ मध्ये तो दर्जा मिळाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हिवतापाचे निर्मूलन झाल्याने मृत्युदर घटला आणि लोकसंख्या वेगाने वाढली. १९६० मध्ये आलेल्या ‘कॅरोल’ या चक्रीवादळाने असंख्य घरे पाडली. त्या वर्षीचे साखरेचे उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आले. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात या बेटाच्या भवितव्याविषयी निराशाजनक अनुमान मांडले. एकच पीक, वाढती लोकसंख्या आणि परस्परांविषयी साशंक असलेले समाज ही त्यामागची कारणे होती. हे अनुमान पुढे खरे ठरले नाही, परंतु त्यातील तिन्ही प्रश्न वेगळ्या रूपांत टिकून राहिले.

आर्थिक आव्हाने

साखर उद्योग

१९७५ च्या लोमे करारातील साखरविषयक तरतुदीनुसार युरोपीय बाजारात दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने विकण्याचा हक्क मॉरिशसला मिळाला. सवलत मिळालेल्या देशांमध्ये हा वाटा सर्वांत मोठा होता. हमीभाव बऱ्याचदा जागतिक बाजारभावापेक्षा बराच अधिक असे व त्यातून आलेले भांडवल कापडगिरण्या व हॉटेलांमध्ये गुंतविले गेले. युरोपीय संघाने २००६ ते २००९ या काळात हा भाव ३६ टक्क्यांनी कमी केला आणि २००९ मध्ये तरतूदच संपुष्टात आली. कोटापद्धतीही २०१७ मध्ये बंद झाली.

उत्पादन खर्च कमी करण्यासाठी कारखाने एकत्र करण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अडीचशेहून अधिक असलेल्या कारखान्यांपैकी आता तीनच चालू आहेत. चांगल्या वर्षी सहा लाख टनांच्या वर जाणारे साखरेचे उत्पादन अडीच लाख टनांच्या आसपास आले आहे. हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली रोख रक्कम व जमिनीचा लहान तुकडा देऊन कमी करण्यात आले. मोठ्या मळेवाल्या कंपन्यांनी आपल्या काही जमिनी निवासी संकुले व गोल्फच्या मैदानांकडे वळविल्या. लहान ऊस उत्पादकांना हा पर्याय नव्हता. त्यांपैकी अनेकांनी शेती सोडल्याने बरीच जमीन पडीक राहिली. उरलेल्या उद्योगाने विशेष प्रतीची साखर, मद्यार्क आणि उसाच्या चिपाडापासून वीज या उत्पादनांवर भर दिला आहे.

वस्त्रोद्योग

१९७० च्या कायद्याने निर्यातप्रक्रिया क्षेत्राची स्थापना झाली. निर्यातीसाठी माल तयार करणाऱ्या कारखान्यांना करसवलती मिळाल्या. हाँगकाँगमधील उद्योजकही कोटे मिळविण्यासाठी येथे आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या क्षेत्रात सुमारे ९०,००० कामगार होते व त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. हजारो कुटुंबांत मजुरीचा रोख पैसा प्रथमच स्त्रियांच्या हाती आला. १ जानेवारी २००५ रोजी कापडाच्या व्यापारातील आंतरराष्ट्रीय कोटापद्धत संपली आणि कमी वेतनाच्या देशांशी थेट स्पर्धा सुरू झाली. अनेक कारखाने बंद पडले. त्यांत नोकरी गमावलेल्या, अल्पशिक्षित व मध्यमवयीन स्त्रियांना नव्या सेवाक्षेत्रांत सहजासहजी काम मिळाले नाही.

पर्यटन

२०१९ मध्ये तेरा लाखांहून अधिक पर्यटक, म्हणजे देशाच्या लोकसंख्येपेक्षा अधिक, मॉरिशसला आले. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे सीमा बंद झाल्या व ऑक्टोबर २०२१ पर्यंत त्या पूर्णपणे खुल्या झाल्या नाहीत. २०२० मध्ये सकल राष्ट्रीय उत्पादन सुमारे १५ टक्क्यांनी आकुंचन पावले. जागतिक बँकेने जुलै २०२० मध्ये मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात समाविष्ट केले होते, परंतु पुढच्याच वर्षी देश पुन्हा उच्च-मध्यम उत्पन्न गटात गेला.

वित्तसेवा

१९८२ मध्ये भारत व मॉरिशस यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला. त्यानुसार मॉरिशसमधील कंपनीने भारतीय समभाग विकून मिळविलेल्या लाभावर भारतात कर लागत नसे आणि मॉरिशसमध्येही असा कर नव्हता. त्यामुळे भारतातील परकीय गुंतवणुकीचा मोठा भाग अनेक वर्षे या बेटामार्गे आला. करचुकवेगिरीला वाव मिळतो, अशी टीका भारतात होत राहिली. १० मे २०१६ रोजी करारात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या समभागांवरील लाभ भारतात करपात्र ठरला. फेब्रुवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात आर्थिक कारवाई कृतिदलाने मॉरिशसला काळ्या पैशाविरुद्धच्या उपायांतील त्रुटींमुळे करड्या यादीत ठेवले होते. अशा यादीत नाव येणे हे विश्वासावर चालणाऱ्या या व्यवसायास मोठ्या देशांच्या तुलनेत अधिक घातक ठरते.

आयातीवरील अवलंबन

तांदूळ, गहू, डाळी व दुधाची भुकटी यांसह बहुतांश अन्न आयात होते. सुमारे चार पंचमांश वीज आयात केलेल्या कोळशावर व तेलावर निर्माण होते. उत्तम जमीन दीर्घकाळ उसाखाली राहिल्याने अन्नपिकांना वाव मिळाला नाही. परिणामी जहाजभाडे, इंधनाचे दर किंवा मॉरिशस रुपयाचा विनिमय दर बदलला, की त्याची झळ थेट घरखर्चाला बसते. सार्वजनिक कर्ज अलीकडे सकल राष्ट्रीय उत्पादनाच्या ८० टक्क्यांच्या वर गेले आहे.

सामाजिक आव्हाने

वृद्धांचे वाढते प्रमाण

१९६० च्या दशकाच्या आरंभी दर स्त्रीमागे सुमारे सहा अपत्ये असा जननदर होता. तो आता दीडपेक्षा खाली आला आहे. लोकसंख्या स्थिरावून किंचित घटू लागली असून साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सुमारे एक पंचमांश झाले आहे. उत्पन्नाची अट न घालता प्रत्येक वृद्धास निवृत्तिवेतन देण्याची व्यवस्था १९५८ पासून चालत आली आहे. मोफत शिक्षण व आरोग्यसेवा यांच्या जोडीने ती येथील कल्याणकारी राज्याचा कणा मानली जाते. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात यासाठीचे वय टप्प्याटप्प्याने ६० वरून ६५ करण्याचे जाहीर झाले तेव्हा तीव्र विरोध झाला. कष्टाची कामे करणाऱ्यांना ६५ वर्षांपर्यंत काम करणे शक्य होत नाही, हा विरोधाचा एक मुख्य मुद्दा होता.

स्थलांतर

सुशिक्षित तरुण फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलियाकडे जातात, तर कापडगिरण्या, बांधकामे व बेकऱ्या यांसाठी बांगलादेश, भारत, नेपाळ व मादागास्करमधून कंत्राटी कामगार आणले जातात. गिरमिटिया मजुरांच्या वंशजांच्या देशात करारावर आलेल्या परक्या कामगारांची राहण्याची सोय, वेतन व हक्क हा आता सार्वजनिक चर्चेचा विषय झाला आहे.

समुदाय व प्रतिनिधित्व

राज्यघटनेने निवडणुकीच्या कामासाठी हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे व ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ असे चार समुदाय मानले आहेत. ६२ निवडून आलेल्या सदस्यांखेरीज, कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समुदायांतील पराभूत उमेदवारांना जास्तीत जास्त आठ जागा दिल्या जातात. या वाटपासाठी आजही १९७२ च्या जनगणनेचा आधार घेतला जातो, कारण त्यानंतर समुदायनिहाय गणना झालेली नाही. अल्पसंख्याकांना या पद्धतीने संरक्षण मिळाले, परंतु नागरिकाची ओळख समुदायाशी बांधली गेली, असा दुहेरी परिणाम अभ्यासक नोंदवितात.

गुलामांचे वंशज असलेला क्रिओल समाज जमीन, शिक्षण व सरकारी नोकऱ्या यांत मागे राहिला. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाल्यानंतर उसळलेल्या दंगलींत हा असंतोष प्रकट झाला. गुलामगिरी व करारबद्ध मजुरीच्या परिणामांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्य व न्याय आयोगाने २०११ मध्ये अहवाल सादर केला. अमली पदार्थांचा प्रसार व मधुमेह हेही गंभीर प्रश्न असून प्रौढांपैकी सुमारे एक पंचमांश व्यक्तींना मधुमेह आहे.

मराठी भाषक समाज

मुंबई बंदरातून गेलेले मजूर मुख्यतः रत्नागिरी व कोकणाच्या लगतच्या भागांतील होते. त्यांतील अनेक जण पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील मळ्यांवर स्थायिक झाले. आज हा समाज सुमारे वीस हजारांचा मानला जातो. घटनेच्या दृष्टीने तो हिंदू समुदायात मोडतो, मात्र तमिळ व तेलुगू समाजांप्रमाणे तो आपली ओळख स्वतंत्र मानतो. कास्काव्हेल हे त्याचे एक महत्त्वाचे केंद्र आहे. गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातील जाखडीशी नाते सांगणारे ‘झाकरी’ नृत्य येथे टिकून आहे.

भाषेची स्थिती मात्र नाजूक आहे. घरोघरी क्रिओल बोलली जाते, शिक्षण व प्रशासन इंग्रजीत चालते आणि वृत्तपत्रे प्रामुख्याने फ्रेंचमध्ये निघतात. प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय असून मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते. २०१२ पासून क्रिओल भाषाही प्राथमिक शाळांत ऐच्छिक विषय झाली. विद्यार्थ्याला मराठी किंवा क्रिओल यांपैकी एकच भाषा निवडता येते. घटत्या जननदरामुळे वर्गातील मुलांची संख्याही कमी होत आहे. पूर्वजांची भाषा सण, भजन व शाळेतील तास यांपुरती उरण्याची शक्यता हे या समाजापुढील मुख्य आव्हान आहे.

पर्यावरण व हवामान बदल

समुद्रपातळीतील वाढ, किनाऱ्याची धूप व प्रवाळांचे विरंजन यांमुळे पर्यटनाचा पायाच धोक्यात आला आहे. मार्च २०१३ मध्ये पोर्ट लुई येथे अचानक आलेल्या पुरात ११ जणांचा मृत्यू झाला. जानेवारी २०२४ मधील ‘बेलाल’ चक्रीवादळातही राजधानीचे रस्ते पाण्याखाली गेले.

२५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळभित्तीवर अडकले. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. तेल अडविण्यासाठी हजारो नागरिकांनी कापडाच्या पिशव्यांत उसाचे पाचट भरून तरंगते बांध तयार केले. कोविडमुळे पर्यटन ठप्प असतानाच या भागातील मासेमारीही बंद पडली आणि किनाऱ्यावरील कुटुंबांचे उत्पन्नाचे दोन्ही मार्ग एकाच वेळी खुंटले.

छागोसचा प्रश्न

स्वातंत्र्यापूर्वी १९६५ मध्ये ब्रिटनने छागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून वेगळा केला. दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभारण्यासाठी तेथील रहिवाशांना १९७३ पर्यंत हलविण्यात आले. त्यांतील बहुसंख्य कुटुंबांना मॉरिशसमध्ये दारिद्र्यात दिवस काढावे लागले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी हे विभाजन बेकायदेशीर ठरविणारे सल्लागार मत दिले. २२ मे २०२५ रोजी उभय देशांनी सार्वभौमत्व मॉरिशसकडे देणाऱ्या व दिएगो गार्सियाचा ताबा ९९ वर्षे ब्रिटनकडे ठेवणाऱ्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. वाटाघाटींत आपल्याला स्थान मिळाले नाही, अशी अनेक छागोसवासीयांची तक्रार आहे.

उपाययोजना व मूल्यमापन

एबेन येथील माहिती तंत्रज्ञान संकुल, भारतीय साहाय्याने २०१९ मध्ये सुरू झालेली मेट्रो, २०१८ पासून लागू असलेले राष्ट्रीय किमान वेतन आणि २०२१ मध्ये भारताबरोबर झालेला व्यापक आर्थिक सहकार्य करार हे अलीकडील प्रमुख उपाय होत. नियमित निवडणुका, शांततेने होणारे सत्तांतर व सर्वांसाठीची कल्याणकारी व्यवस्था यांमुळे मॉरिशसने आजवरचे आघात सोसले. परराष्ट्रांच्या निर्णयांमुळे होणारे नुकसान हा देश टाळू शकत नाही. ते नुकसान देशात कोणी किती सोसावे हे ठरविणे मात्र त्याच्या हाती आहे. निवृत्तिवेतन, जमीन, वेतन व शिक्षण यांविषयीच्या येथील वादांचा गाभा हाच आहे.